किटलीतला ट

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं, पळस्पे फाटा मागे टाकला, की थोड्याच वेळात शिरढोण येतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. ४ नोव्हेंबर १८४५ ला ते इथे जन्मले, आणि मी तिथे गेलो होतो तो त्यांचा वाडा पाहायलाच. परतताना हमरस्त्यावर एका टपरीशी थांबलो. कर्नाळ्याचा सुळका अंगठा उभा धरावा तसा दिसत होता. बाकड्यावर माझ्या शेजारी उत्तरेकडचा एक ट्रकवाला होता. तो म्हणाला, ‘‘भैया, केतलीवाली दे दो.’’ टपरीवाला फडक्यातून चहा गाळत होता. मान वर न करता म्हणाला, ‘‘किटलीतला संपला. पाच मिनटं थांब, हा होतोय.’’

केतली आणि किटली. एकाच वस्तूची नावं, तीन हातांच्या अंतरावर उच्चारलेली. एकात त, दुसऱ्यात ट. आयुष्यभर दोन्ही शब्द कानावरून गेले होते, पण त्या दिवशी ते शेजारी शेजारी पडले म्हणून ऐकू आले. चहा येईपर्यंत मनात दुसरी जोडी उभी राहिली होती: हिंदीत बोतल, मराठीत बाटली. पुन्हा तिकडे त, इकडे ट. हा योगायोग असेल असं मला वाटेना, आणि अजूनही वाटत नाही.

शब्दाचं मूळ थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल वाद नाही. लॅटिनमध्ये ‘कातिल्लुस’ म्हणजे लहान वाडगा. तो शब्द उत्तरेकडच्या जर्मानिक भाषांनी उचलला, आणि त्यातून इंग्रजांचा केटल आणि डचांचा केतेल निघाला. त्या मूळ भांड्याला तोटी नव्हती. चुलीवर टांगायचा तो हंडा होता. तोटी फार नंतर आली, आणि ती कुठून आली हा वेगळा प्रश्न आहे. त्याकडे मी येणारच आहे.

आता त आणि ट. इंग्रज माणूस ‘टी’ म्हणतो तेव्हा त्याची जीभ दातांच्या मागे, हिरडीला लागते. आपला त दाताला लागतो, ट वर टाळूला. इंग्रजांचा आवाज दोन्हींच्या मधला आहे, पण आपला कान त्याला ट ठरवतो. म्हणून स्टेशन, टेबल, कोट, प्लेट. पोर्तुगीजांचा त मात्र अस्सल दाताचा, आपल्यासारखाच. त्यामुळे त्यांच्याकडून आलेल्या फीत, परात, इस्त्री, मेस्त्री, तंबाखू या शब्दांत त तसाच राहिला. सगळ्यांत स्वच्छ पुरावा एका हुद्द्याचा आहे. पोर्तुगीजांकडून घेतला तेव्हा तो कप्तान झाला, इंग्रजांकडून पुन्हा घेतला तेव्हा कॅप्टन. माणूस तोच, जहाज तेच, फक्त अक्षरावरून कळतं की शब्द कुठल्या धक्क्यावर उतरला.

मग किटलीतला ट सांगतो की आपल्याला हा शब्द इंग्रजांनी दिला. बाटलीतलाही ट तेच सांगतो. बाटली पोर्तुगीज ‘बोतेल्या’वरून आली असं म्हणणारे आहेत, आणि शेवटचा ‘ली’ त्यांच्या बाजूने बोलतो हे मान्य. पण तसं असतं तर आपण ‘बातली’ म्हणालो असतो. माझ्या मते त्या ‘ली’ला परदेशी बाप शोधायची गरजच नाही. वाटली, थाळी, तपेली, पळी अशी स्त्रीलिंगी भांडी मराठी घरात रांगेने उभी होतीच; नवीन भांडं आलं ते त्या रांगेत जाऊन बसलं.

मग हिंदीतली केतली कुठली? इथे माझा सिद्धांत नकाशावर पसरतो. बंगालीतही केतलि आणि बोतल, दोन्हीत त. श्रीलंकेत जा: सिंहलीत केटलला केतलय आणि बाटलीला बोतलय, तिथेही त. केतलय डचांच्या केतेलवरून आला असं तिथले शब्दकोशकार मानतात, आणि ते पटण्यासारखं आहे, कारण १७९६ पर्यंत सिलोनच्या किनाऱ्यावर डचांचंच राज्य होतं. बंगालमध्ये हुगळीकाठी चुंचुडा हे डचांचं ठाणं १८२५ पर्यंत त्यांच्याकडे होतं. आता पश्चिमेला या. गुजरातीत कीटली आणि बाटली. मराठीत किटली आणि बाटली. देशाच्या पूर्व अंगाला आणि सिलोनला त, पश्चिम अंगाला ट. पूर्वेची किटली डचांच्या गोदीत घडली. पश्चिमेची इंग्रजांच्या मुंबईत.

यावर पहिला आक्षेप मी स्वतःच घेतो. डच पश्चिम किनाऱ्यावरही होते. वेंगुर्ल्याला त्यांची वखार १६३७ पासून होती, आणि तिचे अवशेष आजही उभे आहेत. सुरतेतही त्यांची मोठी वखार होती. मग वेंगुर्ल्याच्या बाजारात केतेल शब्द का रुजला नाही? माझं उत्तर असं, की तेव्हा इथे कुणी चहा पीत नव्हतं. भांड्याचं नाव भांडं वापरात येतं तेव्हाच जिभेवर बसतं. वेंगुर्ल्याच्या डचांच्या स्वयंपाकघरात केतेल असेलही, पण तो त्यांच्या आचाऱ्यापलीकडे कशाला जाईल? चहा आपल्याकडे सामान्य माणसापर्यंत आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला, आणि तेव्हा मुंबईत एकच गोरी भाषा चलनात होती. उलटा पुरावाही आहे. सिलोनला डचांनी केतेल दिला तेव्हा त्याच्याबरोबर ‘ते’ हा चहाचा शब्दही रुजला. सिंहलीत आजही चहाला ‘ते’च म्हणतात. आपण चहा म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. बटाटा. पोर्तुगीजांचा शब्द, दोन्ही त, आणि आपण दोन्हींचे ट केले. इंग्रजांच्या प्रभावाने झाले म्हणावं, तर गोव्यातल्या कोंकणीतही बटाटोच आहे. उलट तिकीट आणि मास्तर हे इंग्रजांचे शब्द, आणि त्यात त आहे. मास्तरचं मी समजावून देऊ शकतो: मेस्त्री आधीच घरात होता, त्याने धाकट्याला आपल्या बाजूला ओढलं. तिकिटात लागोपाठ दोन ट जिभेला जड झाले असणार. बटाट्याचं मात्र माझ्याकडे काही नाही. तो माझ्या नियमाबाहेर बसला आहे आणि एका बटाट्यासाठी मी नियम सोडणार नाही.

आणि ‘कि’? केटलचा के किटलीत कि का झाला? इथे मला गुजराती कीटली फार मोलाची वाटते. मुंबईत भांड्यांची, आयात मालाची दुकानं गुजराती आणि पारशी मंडळींची होती. शब्द इंग्रजाच्या तोंडून थेट मराठीत न येता दुकानदाराच्या तोंडून आला, म्हणून दोन्ही भाषांत त्याचा आकार एक. अहमदाबादेत तर कीटली म्हणजे चहाची टपरीच. ‘कीटलीवर भेटू’ असं तिथे सहज म्हणतात. मुंबईतून माल घाटावर जायचा तो पनवेलवरून. रेल्वे घाट चढून गेली १८६३ मध्ये. त्याआधी माल होडीने पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि १८३० मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रस्त्याने पुण्याच्या लष्कराकडे जायचा. गोऱ्या अंमलदारांचा चहा आणि त्यांच्या किटल्या याच वाटेने गेल्या असणार. तेव्हा पनवेलच्या धक्क्यावर हमालाच्या तोंडी हा शब्द शिरढोणच्या फडक्यांच्या बालपणीच आला असावा असं मी मानतो. कागद माझ्या हाती नाही, पण वाट तर हीच होती.

चहा या शब्दाबद्दल एवढंच. तो पोर्तुगीजांच्या ‘चा’वरून की फारसी ‘चाय’वरून, हा जुना वाद. लिस्बनमध्ये आज त्याला ‘शा’ म्हणतात, पण सोळाव्या शतकात तो च होता. तेव्हाच घेतलेल्या चावीत तो अजून आहे. मला स्वतःला कोडं पडतं ते मधल्या ह चं. गुजराती चा म्हणून मोकळे होतात, आपण चहा म्हणतो. माझा तर्क असा, की मराठीत ‘चा’ ही जागा आधीच भरलेली होती. रामाचा, गावाचा, घरचा. ‘त्याचा चा’ म्हणताना जीभ अडखळते, म्हणून तिने मध्ये ह घालून श्वास घेतला. हे कुठल्या कोशात सापडणार नाही, पण पाच वेळा भरभर म्हणून पाहा.

आता तोटीचा राहिलेला प्रश्न. शिरढोणच्या टपरीवर मी अर्धा तास बसलो, आणि त्या वेळात किटली एकदाही शेगडीवर चढली नाही. चहा उकळत होता पातेल्यात. आलं खलबत्त्यात ठेचून पडलं, साखर पडली, पावडर पडली, दूध पडलं, दोनदा उतू जाता जाता ओगराळ्याने खाली आणलं गेलं. मग फडक्यातून गाळून तो किटलीत आला आणि तिथून पेल्यांत. पुण्यात अमृततुल्यात पाहा, तिथेही पितळी पातेलं आणि शेजारी किटली. ज्या भांड्याचं काम शेकडो वर्षं उकळण्याचं होतं, ते आपल्याकडे येऊन विस्तवापासून दूर झालं. आपली किटली वाहून नेते आणि ओतते. पोरगा ती एका हातात आणि दुसऱ्या हातात पेल्यांची जाळी घेऊन दुकानोदुकानी जातो. हे काम तिला इंग्रजांनी दिलं नाही. ते तिला आपण दिलं, आणि हे काम करणारं एक भांडं आपल्याकडे आधीपासून होतं: झारी.

झारी म्हणजे तोटीचं पाण्याचं भांडं. मराठी माणसाला ती दिसते कमी, पण बोलण्यात रोज येते. बळीराजा वामनाला दान द्यायला निघाला, उदक सोडायची वेळ आली, तेव्हा शुक्राचार्य सूक्ष्म रूपाने झारीच्या तोटीत जाऊन बसले. पाणी अडलं. वामनाने दर्भाची काडी तोटीत घातली, शुक्राचार्यांचा एक डोळा गेला आणि पाणी वाहिलं. तेव्हापासून काम अडवून बसणारा म्हणजे झारीतला शुक्राचार्य. ज्या समाजाने तोटी तुंबण्यावरून म्हण केली, त्याला तोटीचं भांडं नवं नव्हतं.

तोटी कशासाठी? उष्टं होऊ नये म्हणून. एका भांड्यातून दहा जणांना पाणी द्यायचं आणि भांड्याला कुणाचं तोंड लागू द्यायचं नाही, तर धार लागते, आणि नेमकी धार तोटीशिवाय पडत नाही. ही सोय फार जुनी आहे. सातव्या शतकात नालंदेला शिकलेला चिनी भिक्षू इत्सिंग याने भारतातल्या भिक्षूंच्या कुंडीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. तो सांगतो की कुंड्या दोन: शुद्ध कामाची मातीची किंवा चिनी मातीची, आणि शौचाच्या कामाची तांब्याची किंवा लोखंडाची. कुंडिका बौद्ध धर्माबरोबर चीन, कोरिया, जपानपर्यंत गेली. मलायात आजही तोटीच्या सुरईला ‘केंडी’ म्हणतात, आणि तो आपलाच शब्द आहे. चहादाणीला तोटी आली ती या वाटेने, हा माझा लाडका सिद्धांत. १३९१ मध्ये मिंग सम्राटाने चहाच्या वड्यांचा नजराणा बंद केला, सुटी पत्ती रूढ झाली, ती भिजवायला भांडं लागलं, यीशिंगच्या कुंभारांनी ते घडवलं, युरोपने नक्कल केली, आणि तीच तोटी इंग्रजी केटलवर बसून मुंबईला उतरली. म्हणजे झारी चीनला जाऊन किटली होऊन परत आली.

याची दुखरी जागा लपवत नाही. कोरियातल्या जुन्या कुंडिकांमध्ये बाजूच्या तोटीने पाणी भरायचं आणि वरच्या निमुळत्या मानेने ओतायचं, असा उलटा प्रकार आहे. इत्सिंगचीही कुंडी तशीच दिसते. शिवाय कुंडिकेला कान नाही, आणि कान असलेले चिनी सुरया-चंबू इराण आणि मध्य आशियातल्या धातूच्या भांड्यांवरून घडले असं जाणकार म्हणतात. कान मी इराणला देऊन टाकतो. पण मलायातली केंडी बाजूच्या तोटीनेच ओतते, आणि तीही त्याच घराण्यातली. म्हणून तोटीवरचा हक्क मी सोडत नाही.

मग आपण किटलीला झारीच का म्हणालो नाही? कारण झारी देवाधर्माची होती, तिच्यात उदक असायचं. साहेबाचं पेय तिच्यात घालणं कुणाला रुचलं नसतं. झारी हे नाव शेवटी बागेत गेलं. आज मराठीत झारी म्हणजे झाडांना पाणी घालायचं भांडं. चहाच्या भांड्याला परकं नाव राहिलं, काम मात्र झारीचं.

चहा किती परका होता ते पुण्याला विचारा. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. टिळक, रानडे तिथे होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका घोटावरून.

मला वाटतं, चिनी मातीची चहादाणी आपल्या घरात रुळली नाही याचं कारण याच वादात आहे. धातूचं भांडं राख-चिंचेने घासलं की शुद्ध. मातीचं एकदा उष्टं झालं की टाकायचं. चिनी माती मधेच लोंबकळत राहिली. म्हणून लग्नात आलेला चहाचा सेट काचेच्या कपाटात बसला, त्याची चहादाणी पाहुण्यांनाही क्वचित दिसली, आणि पितळेची किटली मात्र बिनबोभाट आत आली. याला उत्तर तयार आहे: आपण चहा दूध घालून उकळतो, मग पत्ती भिजवायच्या भांड्याचं काम काय? हे उत्तर जोरदार आहे आणि बऱ्याच घरांपुरतं पुरेसंही. दुसरं उत्तर मला अधिक छळतं. चिनी मातीची लोणच्याची बरणी तर सोवळ्यातल्या फडताळात मानाने बसली होती! पण बरणीला तोंड लावून कुणी पीत नाही, आणि तिच्यात हात घालणारी बाई स्वच्छ हाताने घालते. कप मात्र ओठाला लागतो. ज्या बशीत आपण तो चहा ओतून फुंकर घालतो, ती बशी पोर्तुगीज ‘बासिया’ची लेक. इंग्रजी कप, पोर्तुगीज बशी; कपबशी हा आपला जोडशब्द दोन राज्यांचा आहे.

पितळेच्या जागी ॲल्युमिनियम आलं. १८८६ मध्ये विजेने ॲल्युमिनियम काढायची रीत सापडली आणि धातू स्वस्त झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टनने त्याची भांडी करायला सुरुवात केली. आपल्याकडे मात्र जुनी माणसं त्याला ॲल्युमिनियम म्हणत नाहीत. ‘जर्मनचं भांडं’ म्हणतात, कुठे कुठे जर्मल. का? काही म्हणतात, माल जर्मनीहून यायचा म्हणून. मला ते पटत नाही. जर्मन सिल्व्हर नावाचा मिश्रधातू आधी बाजारात होता. तांबं, निकेल आणि जस्त, चांदीचा कणही नाही. पांढऱ्या चकाकत्या हलक्या किमतीच्या भांड्याला ‘जर्मन’ म्हणायची सवय झालेली होती. नवा पांढरा धातू आला आणि नाव त्याच्यावर जाऊन बसलं. शिरढोणच्या टपरीवरची किटली जर्मनचीच होती, बुडाला पोचा आलेली, कानाला सुतळी गुंडाळलेली.

पनवेलच्या बाजारात मी नंतर तशीच एक घेतली. घेताना तीन गोष्टी पाहिल्या, त्या सांगतो. तोटीचं टोक किटलीच्या काठाच्या पातळीत हवं. खाली असलं तर किटली भरायच्या आधीच तोटीतून चहा सांडतो. झाकणाला बारीक भोक हवं, नाहीतर हवा आत जात नाही आणि धार गचके खाते. तिसरी गोष्ट दुकानातच पाणी भरून पाहावी: ओतणं थांबवल्यावर शेवटचा थेंब तोटीच्या खालून ओघळत पोटाकडे जाऊ नये. टोक धारदार आणि थोडं खाली वळलेलं असलं की थेंब तुटतो. आतल्या बाजूला तोटीच्या मुळाशी चाळणीसारखी भोकं असलेली किटली दुकानदाराने आधी पुढे केली होती. ती पत्ती भिजवणाऱ्यांसाठी चांगली. उकळलेल्या दुधाच्या चहाला ती नको, कारण आपल्या चहावर साय धरते, आणि साय त्या भोकांत जाऊन बसते.

हे मला शिरढोणलाच कळलं होतं. ताजा चहा किटलीत आला, टपरीवाल्याने ट्रकवाल्याच्या पेल्यावर ती कलती केली, आणि धार बारीक होत थांबली. त्याने किटली परत सरळ केली. छपराच्या वाशाला खोचलेला माडाच्या पातीचा धुतलेला हीर काढला, तोटीत घातला, एकदा फिरवला. सायीचा तुकडा त्याच्या टोकाला लागून बाहेर आला. तो त्याने रस्त्याकडे झटकला, आणि दुसऱ्या खेपेला किटली खांद्यापर्यंत उचलून ओतली.